भास्करकाकांचा जोड

मी एका माणसावर सूड उगवला आणि उगवताना मला बरं वाटलं, हे आधीच लिहून टाकते. आता या वयात लोक समजूत घालतात की जाऊ दे, तो माणूसही गेला आणि ते दिवसही गेले. माझ्या धाकट्या जावेनं तर परवा मोबाईलवर क्षमेबद्दलचा एक लांबलचक मजकूर पाठवला. मी तो वाचला आणि पुसून टाकला. ज्याच्याबद्दल सांगतेय त्याला मी भास्करकाका म्हणायचे. सख्खा काका नव्हे, अप्पांचा दुकानातला भागीदार. माझ्या बारशाला पाळण्याची दोरी त्यानं ओढली होती, असं आई सांगायची. नंतर नंतर ती हे सांगायची बंद झाली.

अप्पा फौजेत वायरलेसवर होते. तिथून सुटल्यावर ते गावी न जाता शहरात राहिले आणि क्रांती चौकातून आत वळणाऱ्या गल्लीत भास्करकाकांबरोबर रेडिओ-वायरलेस दुरुस्तीचं दुकान टाकलं. हात अप्पांचा आणि बोलणं काकांचं, अशी वाटणी होती. पाटीवर मात्र एकट्या काकांचं आडनाव. आमचं आडनाव टाकलं तर गिऱ्हाईक बिचकेल, असं काका हसत म्हणाले होते आणि अप्पांनीही ते हसत ऐकून घेतलं होतं. आम्ही उस्मानपुऱ्यात पत्र्याच्या दोन खोल्यांत राहायचो. दुकानात न संपलेलं काम अप्पा घरी आणत, त्यामुळं आमच्या घरात कायम कुठल्या तरी उघड्या सेटची खरखर चालू असे. आई चुलीपुढं येसर घालून आमटी ढवळता ढवळता म्हणायची, "आवं, ते बंद करा, माझ्या आमटीला कड येतोय का तुमच्या डब्याला, तेच कळंना." अप्पा आवाज कमी करत, बंद करत नसत. सोल्डरच्या राळेचा धूर, भाजलेल्या मिरचीचा ठसका आणि ती खरखर, हे सगळं एकत्र म्हणजे माझ्यासाठी घर. आजही कुठं सोल्डरचा वास आला की मला भूक लागते.

पैठणच्या धरणावर गाळ मोजायला एक लहान बोट होती. तिच्यावरचा वायरलेस सेट आणि अँटेना बसवायचं काम दुकानाला मिळालं, तेव्हा मी अकरावीत होते. सुट्टी होती म्हणून अप्पांनी मला बरोबर नेलं. बोट चालवणारे यूसुफचाचा आम्हांला तिथंच पहिल्यांदा भेटले. पैठणमध्येच राहणारा, उंच, मोठ्या आवाजाचा माणूस. अप्पांनी त्या बोटीवर तीन दिवस काम केलं आणि मला समोर बसवून एकेक गोष्ट दाखवली. बारीक केबल स्वस्त आणि वळायला सोपी, पण पाण्यावर ती चालत नाही, अर्धा आवाज तीच खाऊन टाकते. जाड घ्यायची. तिच्यातली तांब्याची जाळी कल्हई केलेली हवी, नुसतं तांबं वर्षात काळं पडतं. टोकाचा कनेक्टर पिरगाळून बसवायचा नाही, सोल्डरच करायचा. पाणी फक्त वरून येत नाही, असं ते म्हणाले. एकदा का जाळीत शिरलं की दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं ते आतल्या आत हातभर चढत जातं. म्हणून चिकटपट्टी खालून वर गुंडाळायची, कौलं घालतात तशी, म्हणजे वरचा पदर खालच्यावर येतो आणि थेंब बाहेरच्या बाहेर ओघळतो. केबल सेटमध्ये शिरायच्या आधी तिला खाली एक झोल द्यायचा, म्हणजे पाणी झोलाच्या बुडाशी येऊन टपकतं. सगळ्यात शेवटी त्यांनी दोन्ही टोकांना मेण लावलेला दोरा फौजेतल्या पद्धतीनं गच्च आवळून बांधला. बाजारात एक लुकण मिळायचं, ट्यूबमधून पिळायचं, त्याला सिरक्यासारखा वास यायचा. ते अप्पांनी कधी वापरलं नाही. "ते वाळताना तांबं खातं," ते म्हणाले. "वरनं दिसतं झाक, आतनं हिरवं."

आणि त्यांनी केबल सलग टाकली. अँटेनापासून सेटपर्यंत एकच लांबी, मधे जोड नाही. बोटीवर मधे जोड म्हणजे ठेवलेलं भोक, असं त्यांचं मत होतं. अप्पांचा उजवा हात थोडा कापायचा. बर्फातल्या नोकरीत बोटं गारठून गेली होती, तेव्हापासूनचं ते होतं. पण सोल्डरगन हातात आली की तो हात थांबायचा. मी हे इतकं बारीक सांगतेय, कारण पुढं याच हाताबद्दल लिहून दिलं गेलं.

यूसुफचाचांचं आणि अप्पांचं जमलं. सुट्टीच्या दिवशी चाचा शहरात यायचे, येताना ओल्या फडक्यात गुंडाळलेला मरळ मासा आणायचे आणि आई तो तिखटजाळ करायची. चाचा घाम पुसत म्हणायचे, "भाभी, मिरची जरा कमी डालो, मैं दुश्मन नहीं हूँ," आणि पुन्हा वाढून घ्यायचे. ईदला त्यांच्याकडून नान-खलियाचा, म्हणजे नान आणि मटणाच्या रश्श्याचा, डबा यायचा. त्या डब्याची वाट आम्ही दिवाळीपेक्षा जास्त बघायचो.

पुढच्या उन्हाळ्यात अप्पा आत्याच्या घरच्या लग्नासाठी चार दिवस करमाडला गेले होते. आम्ही सगळेच गेलो होतो. त्याच दिवसांत धरणावर कोणी पाहुणे यायचे होते आणि त्यांना ऊन लागू नये म्हणून बोटीवर पुढच्या बाजूला छत घालायचं ठरलं. छत घालायचं तर अँटेना मागं न्यावी लागत होती आणि मागं नेली तर केबल दोन हात कमी पडत होती. भास्करकाका एका दुपारी गेले, केबल तोडली, घरात पडलेला बारीक केबलचा तुकडा मधे जोडला, दोन्हीकडं कनेक्टर पिरगाळले, वरून ते सिरक्याच्या वासाचं लुकण थापलं, काळी पट्टी गुंडाळली आणि संध्याकाळच्या आत परत आले. अप्पांना त्यांनी हे सांगितलं नाही. कशाला सांगायचं, असं वाटलं असेल. हे सगळं आम्हांला पुष्कळ नंतर कळलं.

दीड महिन्यानं एका दुपारी वारं सुटलं. बोटीच्या पंख्यात पाणवेल अडकून इंजिन बंद पडलं आणि वाऱ्यानं बोट पलीकडच्या दगडी काठाकडं लोटत नेली. चाचा सेटवर हाका मारत राहिले. त्यांना वाटलं, आपण बोलतोय ते जातंय. ते कुठंच जात नव्हतं. बोट दगडांवर आपटणार म्हणून ते तिला रेटायला उतरले आणि त्यांचा डावा पाय बोट आणि दगड यांच्यामधे सापडला. बरोबरच्या दोघांनी त्यांना वर ओढलं, पण पलीकडं ना रस्ता होता ना वस्ती. ऊन कलायला लागलं तेव्हा मासे धरणाऱ्यांनी त्यांना पाहिलं. शहरातल्या दवाखान्यात आणेपर्यंत पाय हाताबाहेर गेला होता. गुडघ्याखालून कापावा लागला. वेळेवर आणला असता तर वाचवला असता, असं डॉक्टर म्हणाले, आणि ते वाक्य सगळ्या पैठणभर झालं.

चौकशी झाली. भास्करकाकांनी लिहून दिलं की बोटीवरचं अँटेनाचं सगळं काम एकट्या अप्पांचं, त्यानंतर त्याला कुणी हात लावलेला नाही, आणि अप्पांचा हात पिण्यामुळं कापतो. अप्पांनी आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता. त्यांनी एवढंच मागितलं की ती केबल मला बघू द्या. त्यांना सांगण्यात आलं की ती भांडारात जमा आहे आणि बघण्यासारखं काही उरलेलं नाही. घरी येऊन त्यांनी आईला तो कागद वाचून दाखवला, पिण्याच्या ओळीपर्यंत आले आणि थांबले. ती ओळ मी वाचली. मोठ्यानं, शेवटपर्यंत. तेव्हाच मी ठरवलं, असं म्हणणं जरा नाटकी होईल, पण खरं तेच आहे.

अप्पा डबा घेऊन दवाखान्यात गेले. चाचांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. अप्पा अर्धा तास स्टुलावर बसले आणि डबा तसाच घेऊन परत आले. त्या दिवसापासून त्यांनी सोल्डरगन बाजूला ठेवून दिली. दुकान काकांचं झालं, पाटीही रंगवावी लागली नाही. अप्पा एका गोदामावर राखणीला बसू लागले. घरातली खरखर बंद झाली. आईची आमटी आता निवांत उकळायची आणि तिचा तो शांत आवाज मला सहन व्हायचा नाही. माणसं रागाला आगीची उपमा देतात. माझा राग तसा नव्हता. तो दह्यासारखा होता, न हलवता ठेवलेला, रोज जरा घट्ट होणारा.

मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स घेतलं. वर्गात आम्ही तिघी मुली होतो. पहिली आले आणि अप्रेंटिस म्हणून धरणावरच्या वायरलेस खोलीत जागा मिळाली. जागा मीच मागून घेतली होती. रोज पहाटेच्या एसटीनं पैठणला जायचे आणि संध्याकाळी यायचे. तिथं आता दोन नव्या बोटी आल्या होत्या आणि त्यांच्यावरचं काम भास्करकाकांनीच केलं होतं. त्यातली एक बोट चालवायला यूसुफचाचांचा धाकटा भाऊ सलीमभाई होता. भावाची नोकरी त्याला दिली होती. लग्न झालेला, दोन मुलींचा बाप, सदा हसतमुख. मी कोणाची मुलगी हे त्याला माहीत होतं, तरी तो रोज सकाळी खिडकीतून सलाम करायचा.

दुसऱ्याच आठवड्यात भांडारातून काहीतरी आणायला मला पाठवलं आणि खुंटीवर ती जुनी केबल दिसली. वेटोळं करून, चिठ्ठी बांधून टांगलेली. मी ती हातातून सरकवत गेले. दोन्ही टोकांना अप्पांचा मेणाचा दोरा जसाच्या तसा होता. आणि मधे माझ्या बोटांना एक फुगवटा लागला, मग दोन हात बारीक केबल, मग दुसरा फुगवटा. अप्पांच्या केबलीत जोड नव्हता. त्याच दुपारी नव्या बोटी काठाला असताना मी त्यांच्या कनेक्टरवरची पट्टी जराशी सोडवून पाहिलं. बारीक केबल, पिरगाळलेला कनेक्टर, वर पांढरट लुकण. नखानं खरवडलं तर खाली हिरवं आलं होतं. पट्टी पुन्हा दाबून बसवली.

तेव्हाच जाऊन साहेबांना सांगायला हवं होतं. दहा पावलांवर त्यांची खोली होती. पण पाच आठवड्यांनी दोन्ही बोटींची मोठी तपासणी होणार होती, वरचे अधिकारी येणार होते आणि भास्करकाकांना समक्ष हजर राहायचं होतं. आत्ता सांगितलं असतं तर काकांना फोन गेला असता, ते गुपचूप येऊन दोन कनेक्टर बदलून गेले असते आणि हसत हसत चहा पिऊन गेले असते. मला ते गुपचूप नको होतं. माझ्या बापाला चारचौघांत खोटं पाडलं होतं, मला चारचौघंच हवे होते. मी गप्प बसले.

रोज सकाळी सलीमभाई बोट पाण्यात घालायचा आणि मी सेटवरून त्याला हाक मारायचे. दिवसेंदिवस त्याचा आवाज पातळ होत चालला होता. मी वहीत "ठीक" लिहायचे. चौथ्या आठवड्यात एकदा दुपारी वारं उठलं आणि त्याचा आवाज गेला. मी हाका मारत राहिले. खिडकीतून नुसतं पाणी दिसत होतं, पिठूळ रंगाचं. वीस मिनिटं असतील. मग बोट वळणावरून आली, सलीमभाईनं डोक्याचा रुमाल हलवला आणि काठावर उतरून म्हणाला, सेट झोपला होता वाटतं. तेव्हाही माझ्या तोंडात शब्द आले होते. मी ते गिळले. आठ दिवस राहिले होते फक्त.

तपासणीच्या दिवशी भास्करकाका पांढरा शर्ट घालून आले. मला पाहून त्यांनी डोक्यावर हात ठेवायला हात पुढं केला, मी मागं सरकले. वरून आलेले साहेब सेट चालू करून बघत होते, आवाज बारीक येत होता, काका म्हणत होते की पाण्यावर एवढा येणारच. मी पुढं झाले आणि साहेबांना म्हटलं, एक कनेक्टर कापून बघू द्या, चांगला निघाला तर माझं काम आजच थांबवा.

काका शांतपणे म्हणाले, "शालू, तू बापाच्या रागातनं बोलतीयस."

"व्हय काका, रागातनंच बोलतीय," मी म्हटलं. "तरी कापून बघू."

साहेबांनी मान हलवली. मी ब्लेडनं पट्टी उभी चिरली, लुकण सोललं आणि कनेक्टर ओढला. तो पिरगाळलेलाच होता, हातात निघून आला. त्यातून पाणी आलं. चमचाभरच असेल, पण सगळ्यांसमोर साहेबांच्या बुटाजवळ फळीवर पडलं. जाळी हातभर हिरवी झाली होती, चोळली तर भुकटी होत होती. मग मी भांडारातली जुनी केबल मागवली. आधी अप्पांचं टोक कापलं. तीन वर्षांनी तांबं चकचकीत, कोरडं. दुसरं टोकही तसंच. मग मधला एक जोड कापला. ते सांगायला नको. मी साहेबांना विचारलं की चौकशीच्या कागदात मधे जोड असल्याचं कुठं लिहिलंय. कुठंच नव्हतं. तेवढ्यात एक जुना खलाशी आपणहून बोलला, की छत घातलं त्या दुपारी भास्करशेठच आले होते, मीच त्यांना पक्कड दिली. चौकशीत मला कुणी इचारलंच नाय, असंही तो म्हणाला.

भास्करकाका खाली बसले. बोटीच्या कडेवर, पांढऱ्या शर्टासकट. त्यांचा चेहरा मी डोळे भरून पाहिला. पुढं कित्येक वर्षं झोप येत नसली की मी तो चेहरा आठवायचे आणि मला झोप लागायची. त्यांचं सरकारी काम गेलं, आणि वर्षभरात दुकानही. अप्पांच्या नावे पत्र आलं की त्यांच्या कामात दोष नव्हता. काका एकदा घरी आले, दारातच उभे राहिले, चुकलो म्हणाले. अप्पांनी त्यांना आत बोलावलं. आईनं पाणी दिलं. मी त्यांच्याकडं पाठ करून भाकरी थापत राहिले. मला त्यांची दया आली नाही, आजही येत नाही.

पण तपासणीच्या संध्याकाळी घरी काय झालं, ते मात्र सांगायला हवं. मी सगळं रंगवून सांगितलं. आई रडली. अप्पा ऐकत होते, हातात भाकरीचा तुकडा तसाच. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "तुला ठावं कधीपासनं होतं?"

मी खरं सांगितलं. पाच आठवडे.

"आन् बोटी रोज जात हुत्या?"

मी हो म्हटलं. त्यांनी भाकरी ताटात ठेवली. दुसऱ्या दिवशी पहाटे ते माझ्या आधी एसटी स्टँडवर उभे होते, पिशवीत सोल्डरगन आणि जाड केबलचं वेटोळं. दोन्ही बोटी आम्ही दोघांनी मिळून पुन्हा केल्या. त्यांचा हात आधी थांबेना, मी पक्कड धरली, मग थांबला. दिवसभरात ते माझ्याशी कामाचंच बोलले.

त्या शुक्रवारी यूसुफचाचा आमच्याकडं आले. दोन वर्षांनी. रिक्षातून कुबडीवर उतरले, मागं सलीमभाई, त्याच्या हातात नान-खलियाचा डबा. चाचांनी अप्पांचा हात दोन्ही हातांत धरला. दोघंही म्हातारे दिसत होते, खरं तर पन्नाशीचेसुद्धा नव्हते. आईनं ताटं मांडली. खायला बसलो तेव्हा चाचांनी मला जवळ बोलावलं.

"बेटा, एक सांग," ते म्हणाले. "सलीमच्या बोटीवर बी तसलंच काम हाय, हे तुला कधी समजलं?"

सलीमभाई माझ्याकडं बघून हसत होता. मी म्हटलं, "त्याच दिवशी चाचा. कापलं तेव्हाच."

चाचांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. माझा एक पाय गेला, पण माझा भाऊ तू वाचवलास, असं म्हणाले, आणि अल्लानं मला सलामत ठेवावं असं काहीतरी पुटपुटले. ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. मी त्यांना कधीच सांगितलं नाही. सलीमभाई अजून आहे, थकलाय, त्याच्या नातीच्या लग्नाचं आमंत्रण मला मागच्याच महिन्यात आलं. त्यालाही सांगितलेलं नाही.

अप्पा माझ्या शेजारीच बसले होते. त्यांनी माझं उत्तर ऐकलं, माझ्याकडं एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. ज्या माणसाविरुद्ध खोटं लिहून दिलं होतं, त्याच्या समोर, त्याच्या ताटाशेजारी बसून मी खोटं बोलले होते. थोड्या वेळानं अप्पा उठले आणि हात धुवायला बाहेर गेले. त्यांच्या ताटातली नान तशीच होती.